साडेसात वर्षांच्या गेमिंग संगणकात काय बदलावे, काय ठेवावे : प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, गुढीपाडवा, नागपूर

आज नवे ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र तयार करणारा भाग) घरी यायचे होते. पाडव्याचा मुहूर्त साधायचा म्हणून पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि सकाळीच सीताबर्डीतल्या दुकानात गेलो होतो, पण कार्ड न घेता परत आलो. सध्याचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आणि किती वर्षांचा आहे, असे दुकानदाराने विचारले, तेव्हा मला नक्की सांगता आले नाही. कार्ड बदलल्यावर नेमका कोणता त्रास जाणार आहे, असे त्याने पुढे विचारले, आणि त्याचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. गेम अडखळतात एवढेच मला माहीत होते. ते कशामुळे अडखळतात हे मी कधी मोजलेच नव्हते.

हा संगणक मी २०१७ च्या दिवाळीत स्वतः जोडला. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो बोर्ड), ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी (२४०० वेगाची), जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि, घरी येऊन कॅबिनेट उघडून वाचले त्याप्रमाणे, ४५० वॅटचा एसएमपीएस. मॉनिटर २४ इंची, १०८० पी, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा आहे. दुकानदाराने संपूर्ण नव्या संगणकाचा अंदाज ७२ हजारांचा दिला. माझी मर्यादा ४० हजारांची आहे. त्यामुळे जुन्यातले काय ठेवायचे आणि काय बदलायचे हा निर्णय आकडे हातात घेऊनच करायचा, असे ठरवले आणि ही नोंदवही सुरू केली.

सुट्टीत आलेल्या भाच्याचे मत वेगळे होते. “मामा, कार्डच जुनं झालंय ना, मग तेच बदलू की आधी.” त्याचे म्हणणे निम्मे बरोबर निघाले, पण ते कळायला पुढचे सहा आठवडे जावे लागले.

६ एप्रिल, रविवार

मोजमाप घेण्याआधी सफाई करायला हवी हे आज लक्षात आले. खोलीत तापमान ३६ अंश असताना गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत प्रोसेसर ८८ अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर पोहोचत होते. या कार्डाची तापमानाची नेमून दिलेली मर्यादाच ८३ आहे. तिथे पोहोचले की ते आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे मी जे कार्ड कमजोर समजत होतो, ते पूर्ण ताकदीने चालतच नव्हते.

प्रोसेसरचा पंखा सोडवून हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्याकडे) पाहिले, तर पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा राखाडी थर बसला होता. नुसती धूळ ब्लोअरने उडते, पण हा थर नखाने सोलावा लागला. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीत चार महिने कूलर चालतो, त्याच्या ओलाव्याने धूळ चिकटते, वाळते आणि पुन्हा ओली होते, असे सात उन्हाळे या पट्ट्यांवरून गेले होते. आधी मऊ ब्रशने थर सुटा केला आणि मगच ब्लोअर लावला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेच्या जोराने पंखा बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. ग्राफिक्स कार्डाचे आवरण उघडून थर्मल पेस्टही (उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा लेप) नवी लावली. प्रोसेसरची पेस्ट मात्र, हीटसिंक काढायची भीती वाटल्याने, तशीच ठेवली. ती भीती खरी होती, हे ३० एप्रिलच्या नोंदीत येईल.

खर्च पेस्ट आणि ब्रश मिळून ४२० रुपये, वेळ तीन तास. संध्याकाळी त्याच खोलीत प्रोसेसर ७५ वर आणि कार्ड ७१ वर थांबले. सायबरपंक २०७७ या गेममध्ये मध्यम सेटिंगला सेकंदाला सरासरी ३६ फ्रेम (चित्रे) मिळत होत्या, त्या ४० झाल्या. पाडव्याला नवे कार्ड आणले असते, तर या चार फ्रेमचे श्रेय मी त्यालाच दिले असते.

१२ एप्रिल, शनिवार

आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर फक्त मोजणी केली. पद्धत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. गेम चालू असताना कार्ड किती टक्के कामात आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारे साधन लावायचे, मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचे आणि फ्रेम वाढतात का ते पाहायचे. चित्र लहान केल्याने कार्डाचे काम हलके होते, प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची, वाढल्या नाहीत तर प्रोसेसरची किंवा रॅमची.

काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये १०८० ला सरासरी ९६ फ्रेम आणि ७२० ला ९७. कार्ड जेमतेम ६० टक्के कामात होते. सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा (म्हणजे गेम सर्वांत मंदावतो त्या क्षणांचा वेग, पुढे ‘हळू फ्रेम’) दोन्हीकडे ३८ आला, आणि भाचा ज्याला “मधेच अटकतं” म्हणतो तो झटका हाच. सायबरपंकमध्ये चित्र नेमके उलटे होते. १०८० ला ४०, ७२० ला ६१, आणि १०८० ला कार्ड सतत ९८ टक्क्यांवर. त्याशिवाय या गेममध्ये गाडी वेगात चालवताना रस्ता आणि इमारती उशिरा उमटत आणि त्या वेळी हार्ड डिस्कचा वापर शंभर टक्के दिसे. हा गेम चालवण्यासाठीच्या किमान गरजा २०२३ मध्ये बदलल्या, तेव्हा त्यात रायझन ५ १६०० आणि जीटीएक्स १०६० ही दोन्ही नावे राहिली, पण रॅम १२ जीबी आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आवश्यक ठरली. म्हणजे ज्या दोन भागांना आम्ही दोष देत होतो ते किमान रेषेवर होते आणि ज्यांचा विचारही केला नव्हता ते दोन भाग रेषेच्या खाली होते.

यावरून क्रम ठरवला : आधी रॅम, मग एसएसडी, मग प्रोसेसर, शेवटी कार्ड. स्वस्त भागापासून सुरुवात केली म्हणजे प्रत्येक पायरीवर थांबण्याची मुभा राहते.

१३ ते १७ एप्रिल

या पाच दिवसांत सर्वांत स्वस्त भागाने सर्वांत जास्त वेळ खाल्ला, आणि चूक माझीच होती. ८ जीबीची दुसरी पट्टी १,५५० रुपयांना आणली. जुनी २४०० ची, नवी ३२०० ची, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. जुनी ज्या खाचेत होती तिच्या शेजारच्या खाचेत नवी बसवली, १६ जीबी दिसले, आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये एकही फ्रेम वाढली नाही.

पहिला दिवस ड्रायव्हर बदलण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मदरबोर्डाचे माहितीपुस्तक शोधून काढले, तेव्हा कळले की चार खाचांपैकी शेजारच्या दोन एकाच चॅनलच्या (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या वाटेच्या) असतात. दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायला हव्या होत्या, तरच दोन्ही चॅनल एकत्र काम करतात. तशा बसवल्या आणि त्याच उत्साहात बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ प्रणालीत) एक्सएमपी ही रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग चालू करून वेग ३२०० केला. संगणक सुरूच झाला नाही. पंखे फिरत होते, पडदा काळा. बोर्डावरचे सीमॉसचे (बायोसच्या सेटिंग जपणाऱ्या भागाचे) दोन काटे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बायोस मूळ स्थितीत आणले. मग २९३३ वर प्रयत्न केला. त्या वेगावर सुरू झाला, पण गेममधून तासाभराने बाहेर फेकला जाऊ लागला. मेमरी तपासणी रात्रभर लावली, तेव्हा चाळीस मिनिटांतच चुका दिसू लागल्या.

कारण दोन्ही बाजूंनी होते. जुनी पट्टी २४०० साठीच बनलेली, आणि पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये मेमरीचा अधिकृत वेगच जास्तीत जास्त २६६६ आहे. शेवटी दोन्ही २४०० वर ठेवल्या आणि सगळे स्थिर झाले. काउंटर-स्ट्राइकची सरासरी ९६ वरून ११२ झाली, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा दुसरा होता : हळू फ्रेमचा आकडा ३८ वरून ५५ वर आला. भाच्याला आकडे न सांगता खेळायला बसवले, तर दहा मिनिटांत तोच म्हणाला, “आता अटकत नाहीये.”

दोन्ही चॅनल वापरात आल्याने एवढा फरक पडेल असे मला वाटले नव्हते. ज्यांच्याकडे अजून एकच पट्टी आहे त्यांनी दुसरे काहीही घेण्याआधी हे करावे. मात्र सुटी पट्टी आणू नये, एकाच खोक्यातली जोडी घ्यावी. प्रोसेसर पुढे बदलायचा असेल तर ३२०० ची जोडीच घ्यावी लागणार हे मला १२ तारखेलाच कळायला हवे होते. ते न कळल्याने हे १,५५० रुपये वाया गेले.

२० एप्रिल, रविवार

१ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५,१०० रुपये. ती ज्यात बसते ती एम.२ ची खाच या बोर्डावर एकच आहे, ग्राफिक्स कार्डाच्या खाली. एसएसडी तिरकी घालून दाबून धरायची आणि टोकाला एक बारीक स्क्रू लावायचा असतो. तो स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात सात वर्षे पडून होता, आणि खोका टाकून दिला नव्हता म्हणून काम अडले नाही.

बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली. ती मेली असे समजून मी घाबरलो, कारण तिच्यावर घरातले सगळे फोटो होते. केबल बदलली, तरी फरक नाही. पुन्हा माहितीपुस्तक : या बोर्डावर एम.२ ची खाच वापरात आली की साटाची (हार्ड डिस्कची केबल लागते ती) पाचवी आणि सहावी जोडणी बंद होते, आणि माझी डिस्क पाचवीवर होती. ती पहिलीवर लावली, लगेच दिसली. त्यानंतर पहिले काम फोटोंची दुसरी प्रत काढण्याचे केले, जे आधी करायला हवे होते.

विंडोजची हुबेहूब नक्कल एसएसडीवर केली, पण डिस्कच्या विभागांची जुनी मांडणी एमबीआर पद्धतीची असल्याने नव्यावरही तीच आली. पुढे नवे कार्ड पूर्ण क्षमतेने चालवायचे आणि विंडोज ११ घ्यायचे, तर बायोसमधले सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय, बंद करावे लागते आणि त्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची लागते. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची आज्ञा आहे, ती माहिती न पुसता बदल करते. आधी तपासणीपुरती चालवली, तर तिने नकार दिला. तिला जास्तीत जास्त तीन प्राथमिक विभाग चालतात. माझ्याकडे राखीव विभाग, सी, डी आणि ई असे चार होते. ई मधली माहिती जुन्या डिस्कवर हलवून तो विभाग काढून टाकला, मग आज्ञा मिनिटभरात पार पडली. या एका अडचणीवर पूर्ण संध्याकाळ गेली.

विंडोज सुरू व्हायला आता पंधरा सेकंद लागतात, आधी दीड मिनिट लागे. सायबरपंकमध्ये रस्ता उशिरा उमटणे पूर्ण थांबले. सरासरी फ्रेम ४१, म्हणजे होती तेवढीच, आणि ते अपेक्षितच होते.

२७ एप्रिल, रविवार

प्रोसेसर कोणता, यावर आठवडाभर विचार केला. नव्या पिढीकडे जायचे तर एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या बैठकीचा) बोर्ड आणि डीडीआर५ रॅम हे दोन्ही घ्यावे लागतात, म्हणजे नव्या संगणकाचा निम्मा खर्च तिथेच होतो. त्याउलट एएम४ सॉकेटवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात, आणि २०२२ पासून ३०० मालिकेच्या चिपसेटवरही (माझा बी३५० त्यातलाच) एएमडी कंपनीने त्याची परवानगी दिली आहे. आठ कोअरचा (एकाच वेळी काम करणारे आठ गाभे असलेला) प्रोसेसर घेण्याचा मोह झाला होता. पण माझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर हीटसिंकच नाही आणि मे महिन्यात या खोलीत ३८ अंश असतात. म्हणून सहा कोअरचा, ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० पक्का केला. कोअर जुन्याइतकेच दिसतात, पण जुन्यात १६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) दोन गटांत आठ-आठ अशी विभागलेली आहे आणि यात ३२ एमबी सहाही कोअरना मिळून एकत्र वापरता येते, शिवाय कमाल वेग ३.६ ऐवजी ४.४ गिगाहर्ट्झ. गेममध्ये फरक पडतो तो इथे.

त्याआधी बायोस बदलणे आले. माझी आवृत्ती २०१८ ची होती. सर्वांत नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, तर बोर्डाने ती स्वीकारलीच नाही. मदरबोर्ड कंपनीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते की मधली एक ठरावीक आवृत्ती आधी टाकावी लागते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून मधली आवृत्ती टाकली, संगणक पुन्हा सुरू केला, मग शेवटची टाकली. नव्या आवृत्तीत जुना प्रोसेसर चालतो ना, हे यादीत आधी तपासले होते, कारण बायोस बदलेपर्यंत आणि बदलल्यानंतरही नवा प्रोसेसर बसेपर्यंत काम जुन्यावरच चालणार होते. हे सगळे सकाळी सहा वाजता आणि यूपीएसवर केले. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, आणि बायोस लिहिताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

बायोस बदलला की त्यातल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. मला हे आठवले नाही. सीएसएम पुन्हा चालू झाले होते आणि अर्धा तास मी विंडोज का सापडत नाही ते शोधत होतो.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

प्रोसेसर ९,९०० रुपयांना आणि ३२०० वेगाची ८ जीबीच्या दोन पट्ट्यांची जोडी ३,३०० रुपयांना आणली.

हीटसिंकचे चार स्क्रू सैल करून तो सरळ वर ओढला आणि खटकन आवाज आला. हीटसिंक हातात आला तो प्रोसेसरसकट. सॉकेटची कडी अजून बंदच होती. सात वर्षांत थर्मल पेस्ट वाळून सिमेंटसारखी झाली होती आणि तिने प्रोसेसर सॉकेटमधून उपटून काढला. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असतात, १,३३१ पिना, केसासारख्या बारीक. ट्यूबलाइटच्या उजेडात तिरके धरून पाहिले, तेव्हा एका कोपऱ्याजवळच्या तीन पिना ओळीतून कलंडलेल्या दिसल्या.

योग्य पद्धत अशी आहे, आणि ती मी आधी वाचलीही होती : काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे एखादा जड गेम चालवून प्रोसेसर गरम करायचा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग संगणक बंद करून, वीज काढून, हीटसिंक वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सैल करायचा. सकाळपासून संगणक बंद होता आणि मी तसाच काम करायला बसलो.

पिना सरळ करायला भाच्याची शिसे घालायची पेन्सिल कामी आली. शिसे काढून टाकले की तिच्या धातूच्या टोकाला जे छिद्र उरते ते पिनेवर बरोबर बसते. एकेक पीन त्या छिद्रात घेऊन, एका वेळी केसभर वळवत, पुन्हा ओळ पाहत, तीन पिनांना पन्नास मिनिटे लागली. घाई केली असती तर पीन तुटली असती. हा प्रोसेसर मला विकायचा होता, म्हणून तो पुन्हा सॉकेटमध्ये बसवून पाहिला. कडी सैल असताना तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबावा लागता कामा नये. तो बसला आणि चाललाही.

दुसरी चूक लहान, पण वेळखाऊ. चारही स्क्रू निघाले की बोर्डामागची धातूची पट्टी मोकळी होते आणि खाली पडते. कॅबिनेट उभे होते, ती मागच्या तारांमध्ये जाऊन अडकली. आडवे पाडून काम केले असते तर चाळीस मिनिटे वाचली असती. नव्या प्रोसेसरसोबत आलेला पंखा जुन्यापेक्षा बुटका होता, म्हणून जुनाच हीटसिंक साफ करून, नवी पेस्ट लावून वापरला.

रात्री साडेदहाला संगणक सुरू झाला. एक्सएमपी चालू केले आणि ३२०० चा वेग पहिल्याच प्रयत्नात मिळाला. काउंटर-स्ट्राइक सरासरी १४८, हळू फ्रेम ८२, आणि आता कार्ड ९७ टक्क्यांवर, म्हणजे अडचण अखेर कार्डापर्यंत पोहोचली. सायबरपंक ४३.

४ मे, रविवार

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीपासून संगणक खेळता खेळता अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आहे. निळा पडदा नाही, बिघाडाचा संदेश नाही. मी रॅमवर संशय घेऊन मेमरी तपासणी रात्रभर लावली, एकही चूक नाही. मग बायोसवर संशय घेतला आणि सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत नेल्या, तरी तेच. तीन दिवस यात गेले.

आज एका मित्राचा एसएमपीएस मागून आणला, बाहेर ठेवूनच जोडला आणि चार तास दोन्ही गेम चालवले. एकदाही बंद पडला नाही. कागदावर ४५० वॅट आजही पुरेसे आहेत, पण नवा प्रोसेसर कार्डाला पूर्ण कामाला लावू लागला तेव्हा दोघांची मागणी एकदम चढते, आणि साडेसात उन्हाळे व विजेचे चढउतार सोसलेल्या एसएमपीएसला ते झेपत नव्हते. जुना प्रोसेसर असताना काउंटर-स्ट्राइकमध्ये कार्ड चाळीस टक्के रिकामे बसे, म्हणून हा दोष दबून राहिला होता.

५५० वॅटचा नवा एसएमपीएस ४,३०० रुपयांना घेतला. याची माझ्या यादीत तरतूदच नव्हती, आणि जुन्या संगणकाची यादी करणाऱ्या प्रत्येकाने ती सुरुवातीलाच करावी असे मी कळकळीने सांगेन, कारण हा भाग बिघडताना सोबतचे महागडे भागही नेऊ शकतो. आणखी एक : सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो आणि डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

११ मे, रविवार

आता कार्ड. आरटीएक्स ४०६० माझ्या उरलेल्या पैशांत बसत नव्हते. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होते, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त चार मार्गिका वापरते आणि माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा असल्याने त्याची गती निम्मीच मिळते. शिवाय मेमरी ४ जीबी, जुन्यापेक्षाही कमी. जुने आरटीएक्स ३०६० सोळा हजारांना मिळत होते, पण विकणाऱ्याने ते चालवून दाखवायला नकार दिला आणि मी तिथून निघालो. आरएक्स ६६०० आठ मार्गिकांचे आहे, त्यामुळे माझ्या बोर्डावर तोटा होतो तो थोडासाच. मेमरी ८ जीबी, वीज १३२ वॅट, जुन्या कार्डापेक्षा फक्त १२ वॅट जास्त. वॉरंटीसह १९,८०० रुपयांना घेतले. जाण्याआधी कॅबिनेटमध्ये पट्टीने लांबी मोजली होती : हार्ड डिस्कच्या चौकटीपर्यंत २६ सेंटीमीटर. तीन पंख्यांचे मॉडेल २८ चे निघाले, म्हणून दोन पंख्यांचे आणले.

कंपनी बदलत असल्याने (एनव्हिडियावरून एएमडीवर) जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढले आणि मगच कार्ड बदलले. सीएसएम बंद आणि डिस्क जीपीटी असल्यामुळे बायोसमध्ये रीसाइझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करता आला. २० एप्रिलची ती वाया गेलेली संध्याकाळ इथे कामी आली.

सायबरपंक, त्याच मध्यम सेटिंगला, ७९. काउंटर-स्ट्राइक २१५, हळू फ्रेम १०४. हेच कार्ड पाडव्याला जुन्या प्रोसेसरवर आणि एका रॅम पट्टीवर बसवले असते, तर काउंटर-स्ट्राइक ९६ च्या आसपासच राहिला असता, कारण तिथे जुने कार्डच चाळीस टक्के रिकामे होते. सायबरपंकपुरते मात्र भाचा पहिल्या दिवसापासून बरोबर होता, आणि हे मी त्याला आज सांगितले.

१८ मे, रविवार

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, असे तेव्हा जाहीर झालेले होते. रायझन ५ १६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ५६०० आहे. म्हणजे प्रोसेसर बदलण्याला हे दुसरे कारणही होते, जे मी निर्णय घेताना धरलेच नव्हते. बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू केल्या आणि सव्वा तासात विंडोज ११ बसले. यात काहीही बिघडले नाही.

२५ मे, रविवार

एकूण खर्च ४४,३७० रुपये. जुने कार्ड ५,५०० ला गेले. प्रोसेसर २,६०० ला गेला. तीन पिना वाकून सरळ केल्या आहेत हे घेणाऱ्याला आधीच सांगितले आणि त्याच्यासमोर चालवून दाखवला, त्यामुळे बाजारभावापेक्षा काही कमी आले. दोन्ही जुन्या रॅम पट्ट्या बहिणीच्या घरच्या संगणकात बसवल्या. हातातून गेले ३६,२७० रुपये आणि, नोंदी पाहून केलेल्या हिशेबाप्रमाणे, सुमारे ४८ तास. त्यातले निम्म्याहून जास्त रॅम आणि एसएमपीएस यांनी घेतले.

मदरबोर्ड, हीटसिंक, कॅबिनेट आणि हार्ड डिस्क जुनेच आहेत. मॉनिटरही जुनाच, आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर २१५ फ्रेमचा पुरेपूर फायदा दिसत नाही. पुढचा खर्च त्यावरच होईल, पण तो दिवाळीत.

आज ४४ अंशांत, कूलर चालू ठेवून, तीन तास सलग चालवले : प्रोसेसर ७८, कार्ड ७३. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आतून मच्छरदाणीच्या कापडाचा एक तुकडा चार लहान चुंबकांनी लावला आहे आणि कूलरची दिशा टेबलापासून वळवली आहे. कापडाने प्रोसेसरचे तापमान दोन अंशांनी वाढले. पंधरा दिवसांनी ते काढून त्यावर किती धूळ जमली ते पाहायचे आणि मग ठेवायचे की नाही ते ठरवायचे.